ईसीफ्लोमध्ये व्हेरिएबल बदललं, तरी जॉब जुन्याच तारखेचा? या चुका टाळा

ईसीफ्लो म्हणजे ठरलेली कामं क्रमानं चालवणारा शेड्युलर. त्यात सूटवर (कामांच्या सर्वांत वरच्या गटावर) तारीख बदलली, टास्क (एक काम) पुन्हा चालवला, तरी जॉबनं जुन्याच तारखेचा डेटा उचलला. अशा वेळी पहिला संशय सर्व्हरवर जातो. पण बहुतेकदा मधल्या एखाद्या फॅमिलीवर (सूटमधल्या उपगटावर) त्याच नावाचं व्हेरिएबल कुणीतरी ठेवून दिलेलं असतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

युरोपच्या मध्यम-मुदत हवामान अंदाज केंद्रात तयार झालेल्या या शेड्युलरची उतरंड अशी: वर सर्व्हर, खाली सूट, मग फॅमिली (तिच्यात आणखी फॅमिली असू शकते) आणि शेवटी टास्क. जॉबची फाइल (किमती भरलेली, प्रत्यक्ष चालणारी स्क्रिप्ट) तयार होताना मूळ स्क्रिप्टमधल्या %तारीख% या व्हेरिएबलची किंमत आधी टास्कवर शोधली जाते, तिथं नसेल तर एकेक पायरी वर. जिथं पहिल्यांदा सापडली, तिथं शोध संपला. त्यामुळे सूटवरच्या किमतीला हात लावण्याआधी खालच्या पायऱ्या तपासा. ईसीफ्लोच्या खिडकीत टास्क निवडला की व्हेरिएबलच्या यादीत सर्व्हरपर्यंतचे सगळे पूर्वज एकाखाली एक दिसतात.

यातला सर्वांत फसवा प्रकार रिपीटचा. फॅमिलीवर तारखेचा रिपीट (दर फेरीला तारीख पुढे नेणारं व्हेरिएबल) लावलेला असतो आणि चाचणीपुरतं म्हणून टास्कवर त्याच नावाचं व्हेरिएबल कुणीतरी टाकतं. रिपीट पुढे सरकत राहतो, टास्क पिवळा होत राहतो (इथं पिवळा म्हणजे पूर्ण), पण प्रत्येक फेरीत तोच एक दिवस दळला जातो. लाल (म्हणजे अयशस्वी) काहीच होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

अशीच गप्प चूक पर्यायी किमतीची. %सदस्य:१% असं लिहिलं, की व्हेरिएबल कुठंच नसलं तरी १ वापरला जातो. नावात एक अक्षर चुकलं तरी तेच. पर्याय दिला नसता तर जॉब तयारच झाला नसता आणि टास्क लाल झाला असता. माझं मत विचाराल तर तो लाल रंग परवडला. महत्त्वाच्या व्हेरिएबलना पर्यायी किंमत देऊच नका.

टक्क्याचं चिन्ह आणखी एका ठिकाणी नडतं. शेलच्या डेट कमांडला +%वाय%एम%डी दिलं, तर ईसीफ्लो 'वाय' नावाचं व्हेरिएबल शोधायला निघतो. तिथं प्रत्येक टक्का दोनदा लिहा.

किंमत भरली जाते ती जॉब तयार होताना. धावत्या जॉबला नंतरचा बदल कळत नाही. टास्क पुन्हा चालवावा लागतो. शंका असेल तर स्क्रिप्ट नव्हे, तयार झालेली जॉब फाइल उघडा. तिच्या नावाच्या शेवटी प्रयत्नाचा आकडा असतो. मूळ मांडणीत टास्क पडला की आपोआप दुसरा प्रयत्न होतो, त्यामुळे जुन्या आकड्याची फाइल वाचत बसू नका.

आणि टास्कच्या शेलमध्ये एक्स्पोर्ट केलेली किंमत शेजारच्या टास्कला मिळत नाही, वरच्या फॅमिलीलाही नाही. वारसा फक्त वरून खाली येतो. वर काही लिहायचं असेल तर ईसीफ्लोच्या क्लायंटच्या ऑल्टर कमांडनं त्या नोडवर (सूट किंवा फॅमिलीवर) लिहावं लागतं. हा बदल चालू सर्व्हरवरच राहतो. उद्या कुणी मूळ डेफिनिशन फाइलवरून (सूटची रचना लिहिलेल्या फाइलवरून) सूट बदलून टाकली की तो गेला. म्हणून खिडकीतून केलेली दुरुस्ती त्याच दिवशी फाइलमध्येही उतरवा.