मस्कीसाठी आमिष निवडताना: आधी खोली, मग वेग आणि रंग शेवटी

मस्केलंज, ज्याला सगळे मस्की म्हणतात, हा पाइक कुळातला सर्वांत मोठा मासा आहे. उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ आणि सेंट लॉरेन्स नदीच्या पट्ट्यात त्याच्या मागे लागलेले लोक त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. ही अतिशयोक्ती असली, तरी आमिषाची (इथे मुख्यतः कृत्रिम आमिषाची) निवड अवघड का होते हे तिच्यातून समजते. इतर माशांच्या बाबतीत दोन-चार आमिषे टाकून पाहिली की कोणते चालते ते तासाभरात कळते, पण मस्की दिवसभरात एकदाही तोंड न लावण्याची शक्यता मोठी असते आणि चूक दुरुस्त करायला पाण्याकडून उत्तरच येत नाही. म्हणून इथे निवड विचारपूर्वक आणि क्रमाने करावी लागते. माझ्या मते तो क्रम असा असावा: मासे कोणत्या खोलीवर आहेत, त्या तापमानाला ते किती वेगाच्या भक्ष्यामागे धावतील, त्या पाण्यात ते काय खातात आणि मग सर्वांत शेवटी रंग. दुकानात मात्र नजर आधी रंगावरच जाते आणि नवख्यांचे बहुतेक पैसे तिथेच खर्च होतात.

खोलीचा विचार आधी करण्याचे कारण साधे आहे. मस्कीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि तो भक्ष्यावर बहुधा खालून किंवा बाजूने झडप घालतो. त्यामुळे माशाच्या थोडे वरून जाणारे आमिष त्याला दिसते, खालून जाणाऱ्याकडे मात्र त्याचे सहसा लक्षच जात नाही. पाणवनस्पतींचे शेंडे पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर असतील, तर त्या शेंड्यांना जेमतेम न लागता जाणारे आमिष हवे. खडकाळ उंचवट्याच्या उतारावर ते आठ-दहा फूट खाली जाणारे असावे. मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या तलावांत उन्हाळ्यात काही मासे सिस्को माशांच्या थव्यांमागे उघड्या पाण्यात अधांतरी फिरतात, तिथे तळाची खोली बाजूला ठेवून थवा ज्या थरात आहे त्या थराचा विचार करावा.

वेग ठरवताना तापमापक हाताशी असावा. वसंतात अंडी घालून झाल्यावर पाणी अजून थंड असते, तेव्हा सहा-सात इंचांची लहान आमिषे सावकाश ओढलेली बरी. पाणी ६५ ते ७८ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १८ ते २५ अंश सेल्सिअस) दरम्यान आले की माशाची पचनक्रिया जोरात असते आणि वेगाने जाणाऱ्या आमिषावर तो बिनदिक्कत तुटून पडतो. शरदात पाणी ५५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १३ अंश सेल्सिअस) खाली उतरले, की आमिषाचा आकार वाढवावा आणि वेग कमी करावा, कारण थंडीपूर्वी त्याला मोठे भक्ष्य हवे असते, मात्र लांब पाठलागाची तयारी नसते.

हे पक्के झाले की आमिषांचे प्रकार आपोआप जागेवर बसतात. एकच आमिष घ्यायचे असेल, तर मी बकटेल सुचवेन. तारेच्या कण्याभोवती फिरणारी एक किंवा दोन पाती आणि मागे केसांचा किंवा चकचकीत धाग्यांचा झुपका, एवढीच त्याची रचना असते. गोल, म्हणजे कोलोरॅडो आकाराचे पाते पाण्यात जड ठोके देते. ते ठोके मासा अंगाच्या दोन्ही बाजूंवरील संवेदन-रेषेने जाणतो, म्हणून गढूळ पाण्यात आणि रात्री हे पाते उपयोगी पडते. विलो, म्हणजे लांबट निमुळते पाते कमी रोध करते, जलद ओढता येते आणि जास्त चमकते, म्हणून ते स्वच्छ पाण्यासाठी चांगले. दहा नंबरच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या जोडपात्यांचे बकटेल उन्हाळ्यात फार परिणामकारक ठरते, मात्र ते दिवसभर ओढणे मनगटाची परीक्षा असते. नवख्या माणसाने त्याहून लहान आठ नंबरपासून सुरुवात करावी. काठी उंच धरून दोरी वेगाने गुंडाळली की बकटेल वर राहते आणि काठी खाली करून वेग कमी केला की खोल जाते, म्हणजे एकाच आमिषाने दोन-तीन थर तपासता येतात.

जर्कबेट, म्हणजे काठीच्या झटक्यांनी चालवायचे आमिष, हा दुसरा महत्त्वाचा प्रकार आहे. सुइकसारख्या लाकडी जर्कबेटच्या शेपटीला धातूचा पत्रा असतो. तो किंचित खाली वाकवला की आमिष अधिक खोल बुडी मारते. काठीने खाली झटका द्यायचा, आमिष बुडते, मग दोरी सैल सोडायची, ते हळूहळू वर तरंगते. हल्ला बहुतेक वेळा या विश्रांतीतच होतो. ग्लाइड प्रकारचे आमिष मात्र हलक्या, नियमित टिचक्यांनी डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते आणि ही लय हाताला बसायला वेळ लागतो. बुल डॉगसारखी मोठी रबरी आमिषे बुडणारी असल्यामुळे खोल उतारांवर आणि थंड पाण्यात ओढा-थांबा पद्धतीने चालवावीत. ती कडक प्लॅस्टिकच्या आमिषांबरोबर एका कप्प्यात ठेवू नयेत, कारण दोघे एकमेकांना लागून रंग आणि साहित्य विरघळू लागते.

पृष्ठभागावरची आमिषे शांत पाण्यात, पहाटे आणि संध्याकाळी वापरावीत. इथे एकच नियम कटाक्षाने पाळावा: पाणी उसळल्याचे पाहून गळ रुतवण्याचा झटका देऊ नये, माशाचे वजन काठीवर जाणवल्यावरच द्यावा. क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर बुडी मारणारे माशाच्या आकाराचे कडक आमिष, मुख्यतः ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे ओढण्यासाठी. सेंट क्लेअरसारख्या विस्तीर्ण, उथळ सरोवरात मासा नेमका कुठे आहे हे ठाऊक नसताना ही पद्धत मोठा पट्टा धुंडाळते.

रंगाचे गणित मी मुद्दाम थोडक्यात सांगतो. स्वच्छ पाण्यात रुपेरी, पांढरा किंवा पर्च माशासारखा नैसर्गिक रंग चांगला. चहासारख्या तपकिरी पाण्यात नारिंगी, तांबे आणि पिवळसर हिरवा उठून दिसतो. अंधारात काळा रंग घ्यावा, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची आकृती सर्वांत ठळक दिसते.

जिवंत आमिष म्हणून शरदात बारा ते अठरा इंचांचा सकर मासा वापरतात. पूर्वी त्याच्या नाकात एकच मोठा गळ अडकवून मस्की तो गिळेपर्यंत थांबण्याची पद्धत होती. त्यात गळ पोटात रुतून सोडून दिलेला मासाही नंतर मरत असे. आता क्विक-स्ट्राइक रिग वापरावी, जिच्यात तीन टोकांचे गळ सकरच्या अंगावर पाठीजवळ बसवलेले असतात आणि मासा पकडताच लगेच झटका देता येतो. या बाबतीत मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. जिवंत आमिष एका तलावातून दुसऱ्यात नेण्यावर रोगप्रसारामुळे बहुतेक ठिकाणी निर्बंध आहेत, म्हणून त्या राज्याचे किंवा प्रांताचे चालू वर्षाचे नियम आधी वाचावेत.

कोणतेही आमिष असो, फेक बोटीपाशी संपत नाही. मस्की अनेकदा आमिषामागे बोटीपर्यंत येतो आणि तिथेच ठरवतो. लीडर (दोरी आणि आमिष यांच्यामधला मजबूत तुकडा) काठीच्या टोकाशी येण्याआधी टोक पाण्यात घालून आमिष न थांबवता इंग्रजी आठच्या आकारात, पण रुंद वळणे घेत फिरवावे. घट्ट वळणात हा लांब मासा वळू शकत नाही आणि माग सोडतो. वळणावर आमिष खोल न्यावे, बाहेर पडताना वर आणावे. एवढे करूनही तो नुसता पाहून परत गेला, तर जागा लक्षात ठेवून संध्याकाळी वेगळ्या, शक्यतो अधिक संथ आमिषाने परत यावे. पाठलाग केलेल्या माशाने आपली जागा तर दाखवलेलीच असते.

या सगळ्याला पेलणारी सामग्री हवी: साडेआठ-नऊ फुटांची दणकट काठी, ८० ते १०० पौंड ताण पेलणारी विणलेली दोरी आणि दातांनी न तुटणारा तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर. गळाचे टोक नखावर टेकवून पाहावे. ते घसरले तर कानस लावावी. बोटीत मोठी रबर-लेपित जाळी, लांब पक्कड आणि गळ कापता येईल असा कटर असल्याशिवाय पहिली फेकही करू नये, कारण खोल रुतलेला गळ ओढत बसण्यापेक्षा कापून टाकणे माशाला सुरक्षित असते. आणि पृष्ठभागाचे पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सिअस) वर गेले असेल, तर आमिषांची पेटी त्या दिवशी उघडू नये. इतक्या गरम पाण्यात झुंज दिलेला मासा सोडल्यावर पोहत गेला, तरी तो जगेल याची खात्री नसते.