बेळगावात नोकरी शोधताय? बायोडाट्याआधी जाहिरात वाचा

मी इचलकरंजीची. 2006 साली लग्न होऊन बेळगावात आले. आधी शहापुरात भाड्यानं राहिलो, आता अनगोळला स्वतःचं घर आहे. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. घेऊन उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या अकौंट्समध्ये लागले, आणि गेली नऊ वर्षं भरतीचं कामही माझ्याकडंच आहे. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची पोरं, सासरी आलेल्या मुली, नवऱ्याच्या बदलीमुळं आलेल्या बायका, सगळ्यांचे बायोडाटे आधी माझ्या टेबलावर येतात. हातात कसब असलेल्या कितीतरी जणांचे कागद नुसते नीट लिहिले नाहीत म्हणून बाजूला पडतात. ते बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितेय.

बेळगावात उतरल्यावर परकं वाटत नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना मराठी, रिक्षात मराठी, शेजारीपाजारी मराठी. त्यामुळं कोल्हापूर-सांगलीला चालवलेला बायोडाटा इथंही चालेल असं वाटतं. पण तो कागद वाचणारा माणूस बऱ्याचदा गोकाक, बैलहोंगल नाहीतर धारवाडकडचा असतो आणि त्याच्या डोक्यातले शब्द कर्नाटकातले असतात. इथं दहावीला एसएसएलसी म्हणतात, बारावीला पीयूसी. मी नवीन असताना एका ठिकाणी छापील फॉर्म भरला होता. पीयूसीचा रकाना कशाचा ते कळलं नाही, म्हणून रिकामा सोडला. खाली बी.कॉम. लिहिलेलं असूनही 'शिक्षण अपूर्ण' असा शेरा मारून फॉर्म परत दिला. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. कुणी आधी सांगितलं असतं तर एका शब्दाचा प्रश्न होता.

म्हणून बायोडाट्यात 'एचएससी, महाराष्ट्र बोर्ड, पीयूसीला समकक्ष' असं सरळ लिहा. डिप्लोमा असेल तर मंडळाचं पूर्ण नाव द्या, आद्याक्षरं इथं सगळ्यांना कळतीलच असं नाही. आयटीआयवाल्यांचं सोपं आहे, एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण परिषदेचं, प्रमाणपत्र देशभर एकच, ते ठळक दिसू द्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव 'एमआयडीसी' लिहिताना पुढं कोल्हापूर जोडा, इकडं उद्यमबाग, मच्छे, होनगा यांना इंडस्ट्रियल एरियाच म्हणतात. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालंय. घरात आपण बेळगावच म्हणतो, आणि म्हणत राहू. पण नोकरीच्या पोर्टलवर कुणी एका नावानं शोधतं, कुणी दुसऱ्या. पत्त्यात बेळगावी आणि कामाच्या ओळीत बेळगाव, अशी दोन्ही नावं कागदावर येऊ द्या.

आता मुख्य काम. गेल्या पावसाळ्यात चंदगड तालुक्यातला एक मुलगा घरी आला. आयटीआय मशिनिस्ट, शिरोलीत दोन वर्षं काम केलेला. आठ-दहा ठिकाणी बायोडाटा दिला होता, एकाही ठिकाणाहून फोन नाही. कागदावर अनुभवाची एकच ओळ: ऑपरेटर म्हणून दोन वर्षं काम केलं. खाली मात्र हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, आणि छंद क्रिकेट. मी त्याला हवी असलेली जाहिरात छापून आणायला लावली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि लाल पेनानं जाहिरातीतल्या कामाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. व्हीएमसी, म्हणजे संगणकानं चालणारं उभं मिलिंग मशीन, त्याचा सेटर-कम-ऑपरेटर. फॅनुक कंट्रोल, म्हणजे त्या मशीनचा संगणक. ड्रॉइंग वाचता यावं. ऑफसेट, म्हणजे भागाची आणि टूलची मापं मशीनला, देता यावेत. फर्स्ट पीस इन्स्पेक्शन. तिन्ही शिफ्टची तयारी. कन्नड येत असल्यास प्राधान्य.

मग एकेक विचारत गेले. मशीनवर कंट्रोल कुठला होता? "फॅनुकच की." सेटिंग कोण करायचं? "दिवसा सेटर असायचा, रात्री मीच." ऑफसेट? "ते तर रोजचंच, काकू." जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, कुठला? कास्ट आयर्नची व्हॉल्व बॉडी. पहिला पीस कोण बघायचं? "मी बोअर गेज लावून बघायचो, मग क्वालिटीवाला सही करायचा." टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालायचा? "वीस मायक्रॉन."

म्हणजे जाहिरातीनं मागितलेलं जवळजवळ सगळं त्यानं हातानं केलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, रोजचं काम म्हणून. आम्ही ती एक ओळ काढून चार लिहिल्या: फॅनुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर दोन वर्षं, रात्रपाळीत सेटिंगची जबाबदारी. कास्ट आयर्न व्हॉल्व बॉडीचं मशिनिंग. वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट स्वतः देतो. ड्रॉइंग बघून बोअर गेजनं फर्स्ट पीस तपासणी, वीस मायक्रॉन टॉलरन्सपर्यंत. प्रोग्रॅमिंग लिहू का, असं त्यानं विचारलं. केलंयस का? "नाही, फीड-स्पीड थोडं बदलायचो." मग तेवढंच लिहिलं, प्रोग्रॅममध्ये किरकोळ दुरुस्ती. क्रिकेट काढून टाकलं. नंतर दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, सध्या तो मच्छेला कामाला आहे.

जाहिरातीचे शब्द जसेच्या तसे का वापरायचे, असं पुष्कळजण विचारतात. मोठ्या कंपन्यांत बायोडाटा आधी सॉफ्टवेअर चाळतं. जाहिरातीत 'फर्स्ट पीस इन्स्पेक्शन' असेल आणि तुम्ही 'चेकिंग' लिहिलं, तर ते दोन्ही एकच आहे हे त्याला उमगेलच याची खात्री नाही. आमच्यासारख्या मध्यम कारखान्यात सॉफ्टवेअर नाही, मी आहे. पण सकाळी साठ कागद पुढ्यात असले की माझे डोळेही तेच शब्द शोधत पळतात. त्याच कारणानं दोन कॉलमची नक्षीदार रचना, चौकटी, रंगीत पट्टे नकोत. झेरॉक्सच्या दुकानात कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करून देतात, तीही नको, कारण ती नुसती प्रतिमा असते, त्यातली अक्षरं सॉफ्टवेअरला वाचता येतीलच असं नाही. टाइप करून थेट पीडीएफ करा आणि फाइलला आपलं नाव आणि पद द्या. 'न्यू बायोडाटा फायनल 2' अशा नावाच्या फायली मला रोज येतात, कुणाची कुठली ते शोधता शोधता दमछाक होते.

शब्द घ्या, पण खोटं घेऊ नका. 2008 साली मी एका जाहिरातीतलं 'एसएपी', म्हणजे मोठ्या कंपन्यांतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, माझ्या बायोडाट्यात घातलं होतं. काम सगळं टॅलीवर केलेलं, एसएपी फक्त ऐकून माहीत. मुलाखतीला साहेबांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडं वळवला आणि म्हणाले, एक पर्चेस एंट्री करून दाखवा. मी माउस हातात धरून नुसती बसले. त्यानंतर त्यांनी टॅलीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि टॅली मला खरोखर उत्तम येत होतं. एका खोट्या शब्दानं बाकीच्या सगळ्या खऱ्या ओळींवरचा विश्वास उडाला. आज मी टेबलाच्या पलीकडं बसते तेव्हा मीही तसंच करते. लिहिलंय ना, मग करून दाखवा.

एकच बायोडाटा सगळीकडं चालत नाही हे अकौंट्सवाल्यांना सांगायची जास्त गरज पडते. फौंड्री किंवा मशीन शॉप असेल तर तिथं माल जॉबवर्कला बाहेर जातो आणि परत येतो. तिथं जॉबवर्कची चलनं, ई-वे बिल, आयटीसी-04 (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरण) हे केलं असेल तर सगळ्यात वर लिहा. तोच बायोडाटा कॉलेजला किंवा दवाखान्याला देताना हे खाली न्या आणि पगारपत्रक, पीएफ, टीडीएस वर आणा. काम तेच केलेलं, फक्त वाचणाऱ्याला आधी काय बघायचंय ते ओळखायचं. मशीनवाल्यांचंही तसंच. हत्तरगीच्या बाजूला विमानांचे भाग बनतात, तिथं मोजमाप, नोंदी, सीएमएम (मोजमापाचं मशीन), एएस 9100 (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) या गोष्टींना वजन. फौंड्रीत वाळू, मेल्टिंग, रिजेक्शन किती कमी केलं, याला.

पण जाहिरातच चार ओळींची असली तर? इथं बहुतेक तशाच असतात. 'तरुण भारत'मध्ये 'पाहिजेत, अनुभवी क्वालिटी इन्स्पेक्टर' एवढंच आणि खाली मोबाइल नंबर. नाहीतर उद्यमबागेत गेटवर पाटी, वर कन्नडमध्ये 'बेकागिद्दारे', म्हणजे पाहिजेत. अशा वेळी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: कुठला माल बनतो, कुठली मशिनं किंवा सॉफ्टवेअर आहे, आणि या माणसाला कुणाच्या हाताखाली काम करायचंय. लाजू नका. विचारणारा माणूस मला तरी नेहमी कामाचा वाटतो. कंपनीची वेबसाइट असेल तर तिच्यावर मालाचे फोटो असतात, हायड्रॉलिकचे पंप, सिलिंडर, कास्टिंग. त्यात आपण हाताळलेलं काही दिसलं की बायोडाट्यात त्याच नावानं लिहा.

'लोकल कँडिडेट' असं लिहिलेलं असलं की आपली माणसं अर्जच करत नाहीत. खाजगी कारखान्यात त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की उशिरा सुटल्यावर घरी जाता यावं आणि दिवाळीनंतर परत यावं. म्हणून गावाचा पत्ता खाली ठेवा आणि वर सध्याचा द्या, वडगाव, टिळकवाडी, जिथं राहता ते. दुचाकी आहे, शिफ्ट चालेल, हेही एका ओळीत येऊ द्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांचा रस्ता निराळा, तिथं कन्नडची परीक्षा द्यावी लागते.

कन्नडबद्दल मनापासून सांगते. सीमेच्या प्रश्नावर आपल्या सगळ्यांच्या भावना आहेत, माझ्याही आहेत. पण बायोडाट्यातला कन्नडचा रकाना हा फक्त शॉप फ्लोअरवर सोबतच्या माणसाशी बोलता येईल का, एवढं विचारतो. तो मोकळा सोडू नका. 'समजते, थोडे बोलते, वाचायला शिकत आहे' असं खरं ते लिहा. आणि खरंच शिका. मी सीबीटीवर, म्हणजे मुख्य बस स्टँडवर, बसच्या पाट्या वाचत शिकले, आधी आकडे, मग गावांची नावं. मुलाखतीत हमखास विचारतात, "कन्नड बर्तैतेन्री?" म्हणजे कन्नड येतं का? तेव्हा मान खाली घालण्यापेक्षा "स्वल्प स्वल्प बर्तैत्री", थोडं थोडं येतं, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो. त्या 'री'मध्ये आपल्या 'अहो'सारखा मान आहे, तो विसरू नका.

लग्न होऊन आलेल्या मुलींसाठी दोन गोष्टी. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बायोडाट्यात तिसरंच, असं होऊ देऊ नका. आधारवरचं नाव वर लिहा आणि त्याखाली 'प्रमाणपत्रांवरील नाव' म्हणून दुसरं. आणि मुलांसाठी चार-पाच वर्षं घरी काढली असतील तर तारखा लपवू नका. 'कौटुंबिक जबाबदारी' एवढे दोन शब्द पुरेत. त्या काळात घरच्या दुकानाचा हिशेब ठेवला असेल, शिकवण्या घेतल्या असतील, जीएसटीचा कोर्स केला असेल, तर ते लिहा. जाहिरातीत अकौंट्स मागितलंय आणि तुम्ही सासऱ्यांच्या किराणा दुकानाची बिलं टॅलीवर टाकलीत, तर तो अनुभवच आहे. मी तो अनुभव धरते.

एक वही करा. कुठल्या तारखेला, कुठं, कुठला बायोडाटा पाठवला आणि त्यात काय वर ठेवलं होतं, हे एका ओळीत लिहून ठेवा, आणि जाहिरातीची प्रत तिथंच चिकटवा. पंधरा दिवसांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येतो, पलीकडून भराभर कन्नडमध्ये कंपनीचं नाव घेतात आणि लगेच पहिला प्रश्न येतो. "वंद निमिष री," म्हणायचं, एक मिनिट, आणि वही उघडायची.