आर्केड बार काढताय? जागा आणि परवान्याच्या या चुका टाळा

पुण्या-मुंबईत आर्केड बार, म्हणजे व्हिडिओ गेम आणि पिनबॉलची मशीन असलेला बार, काढायचं डोक्यात असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या, सरकारी कागदावर हा एक धंदा नाहीच. दारूचं एक खातं बघतं, गेमचं दुसरं, आगीचं तिसरं, आणि तुमची जागा तिघांनाही चालली पाहिजे. बरेच जण आधी मशीन बघतात, मग इंटिरियरवाला, मग जागा, आणि परवाना सगळ्यात शेवटी. पैसे तिथेच अडकतात.

"साहेब, इथे आधी बारच होता"

ब्रोकरचं हे वाक्य ऐकून टोकन देऊ नका. बार होता म्हणजे कोणाच्या तरी नावावर एफएल-३ परवाना (परमिट रूममध्ये बसून दारू प्यायला देण्याचा) होता, तो जागेबरोबर आपोआप तुम्हाला मिळत नाही. हस्तांतरणाचा अर्ज करा, फी भरा, कलेक्टरची मंजुरी घ्या, आणि जुन्या मालकाची थकबाकी किंवा एखादी केस निघाली तर ती निस्तरेपर्यंत फाइल हलत नाही. राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात स्वतः जा, त्या पत्त्यावरच्या परवान्याची आजची स्थिती काय आहे ते विचारा.

नवीन परवाना घेणार असाल तर ७५ मीटरचा नियम सगळ्यात आधी. शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ, एसटी स्टँड किंवा डेपो यांच्यापासून तेवढं अंतर लागतं. लोक गुगल मॅपवर सरळ रेघ ओढून खूश होतात किंवा नाराज होतात, पण मोजणी माणूस चालत जातो त्या रस्त्याने, दारापासून दारापर्यंत होते, त्यामुळे गेट कुठल्या बाजूला उघडतं यावर सगळं ठरू शकतं. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा, आणि मागच्या गल्लीतून पण एक चक्कर मारा, कारण पहिल्या मजल्यावरची छोटी शाळा मेन रोडवरून दिसत नाही. काठावरचं अंतर असेल, ७८-८० मीटर वगैरे, तर मी म्हणेन ती जागा सोडाच.

भाडेकरारात दोन ओळी टाकल्याशिवाय सही नको: परवाना नाकारला तर डिपॉझिट पूर्ण परत, आणि मंजुरी येईपर्यंत भाडं नाही किंवा अर्धं. मालक कुरकुर करेल. करू दे, परवान्याची वाट बघत महिनोन्महिने बंद शटरचं भाडं भरण्यापेक्षा ते परवडलं.

बिल्डिंगचे कागद न बघणं

भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशात ती जागा नक्की काय म्हणून दाखवलीय, हे बघा. बेसमेंट बघायला मस्त असतं, अंधार, निऑन लाइट, सगळं आर्केडला शोभणारं, पण नकाशात ते पार्किंग असेल तर विषय संपला. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूला मोकळ्या सोडलेल्या जागेत, पत्रे टाकून वाढवलेला भाग भाड्यात मोजला जातो, नकाशात नसतो आणि कारवाईत पहिला जातो.

फायर एनओसी तर एजंटवर सोडूच नका. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आणि त्या जागेला फायर एनओसी नव्हती. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल्समधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. आर्केडमध्ये वायरिंग, प्लायवूड, फोम आणि गर्दी एकाच खोलीत असते, तेव्हा दुसरा जिना मोकळा आहे का हे जागा बघायला जाल त्याच दिवशी बघा. महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैला लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, तो खर्च धरून चाला.

मशीन कुठे, ग्लास कुठे

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. परमिट रूमचा परवाना मंजूर नकाशापुरता असतो. आता डोळ्यासमोर आणा, गिऱ्हाईक एका हातात बिअरचा मग घेऊन पिनबॉलकडे गेलं, आणि पिनबॉल नकाशाबाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. झाला परवान्याचा भंग. मशीनच्या जागा आधी ठरवा, मग आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगा.

"दुपारी मुलांचे बर्थडे, रात्री बार" हा प्लॅन पण बऱ्याच जणांचा असतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि हार्ड लिकरला २५ वय लागतं, वर पिणाऱ्याकडे स्वतःचं दारू पिण्याचं परमिट पाहिजे, एक दिवसाचं तरी. फॅमिली आणायचीच असेल तर वेगळा हॉल आणि वेगळं दार नकाशातच दाखवा. मे २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर १७ वर्षांच्या मुलाला दारू दिली म्हणून पबचे मालक-मॅनेजर अटकेत गेले होते. दारावर आयडी बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि गेमचं. व्हिडिओ गेम पार्लरच्या नावाखाली जुगार चालवणाऱ्यांवर आपल्याकडे इतक्या धाडी पडल्यात की पोलीस तुमच्याकडेही त्याच नजरेने बघणार. जिंकल्यावर पैसे, गेमच्या टोकनच्या बदल्यात रोख, पैशात बदलता येईल असं बक्षीस, यातलं काहीही ठेवू नका. निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगार कायद्यात सूट आहे, नशिबाच्या मशीनला नाही. प्रत्येक मशीनचं बिल, फोटो आणि ती कशी चालते याचं एक पान फाइलला लावा, आणि कलेक्टर ऑफिसची करमणूक शाखा आणि पोलीस, दोन्हीकडे काय काय लागतं ते लेखी विचारा.

जपानहून जुनी मशीन आणणार असाल तर ती १०० व्होल्टवर चालतात, ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्यायला वेळ जातो. पिनबॉल शंभर किलोच्या वर भरतं, जिना आणि दाराची रुंदी मोजा. एफएसएसएआय (खाण्याच्या पदार्थांचा परवाना), शॉप अ‍ॅक्ट, गाण्यांचे परवाने हे तुलनेने सोपं काम आहे, सीए करून देतो.

वरच्या मजल्यावरच्यांना गृहीत धरणं

रहिवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. मशीनचे आवाज गाण्यापेक्षा जास्त टोचतात कारण ते मधूनमधून येतात. आणि वॉर्डातले मतदार पेटले तर बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानाने बार बंद पाडायची, सोय कायद्यातच आहे. सोसायटीकडे ना-हरकतीच्या सहीला जायच्या आधी रिकाम्या गाळ्यात एक मशीन फुल आवाजात लावा, आणि रात्री अकरा वाजता बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये जाऊन, त्या लोकांना सोबत घेऊन, ऐका.