शेपटी दिसली म्हणजे रीपर नव्हे

दर पावसाळ्यानंतर मला फोटो यायला लागतात. एकच मिरची, तीही अर्धी हिरवी, आणि खाली प्रश्न: "रीपर ना?" म्हणजे कॅरोलिना रीपर, ती अतिजहाल मिरची. का, तर टोकाला बारीक शेपटी आहे. अहो, शेपटी त्रिनिदाद स्कॉर्पियन या दुसऱ्या जहाल मिरचीलाही असते, नावच विंचवाचं आहे! उलट खुद्द रीपरच्या झाडावर काही फळं बिनशेपटीची निघतात. मी पाच-सहा पिकलेली फळं ताटात मांडल्याशिवाय बोलत नाही. लांबट आणि टोकाकडे निमुळती असली तर भूत जोलोकियाचा संशय. आखूड, फुगीर, खडबडीत असली तर स्कॉर्पियन किंवा रीपर. या दोघांतला फरक फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

जीभ लावून ओळखू नका. पहिल्या घासानंतर जिभेला काहीच कळत नाही.

तिखट म्हणून ब्याडगीची थोरली बहीण, असंही नाही. ब्याडगीला बहुधा पेरागणिक एक फूल. या जहाल मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या वेगळ्या प्रजातीच्या. त्यांना एका पेरावर दोन-तीन फुलं येतात. (ही प्रजाती मूळची अमेरिका खंडातली. १७७६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिन यांनी तिला चीनची समजून नाव दिलं. चुकीची पाटी लावण्याची परंपरा जुनी आहे.)

चुकीची पाटी मीही लावलीय. गच्चीवर भूत आणि रीपर शेजारी-शेजारी होत्या. रीपरची फळं अगदी अस्सल, म्हणून त्यांचं बी धरलं आणि 'रीपर' लिहून आठ जणांना वाटलं. पुढच्या वर्षी कुणाकडे लांब मिरच्या, कुणाकडे गुळगुळीत, आणि फोन सगळे मला! फळ आईवरच जातं. मधमाशीने केलेली भेसळ बियांत दडते आणि पुढच्या पिढीत उघडी पडते. तेव्हापासून कळीलाच जुन्या ओढणीची जाळीदार पिशवी बांधतो. फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा, म्हणजे बियांचं फळ ओळखू येतं. लोकांना एवढाही धीर नसतो, बाजारातून आणलेल्या मिरचीचं बी टाकतात आणि जात मला विचारतात.

बियांच्या पाकिटावरच्या स्कोव्हिल आकड्यावरूनही, म्हणजे तिखटपणाच्या मापावरूनही, जात ठरवू नका. तो तपासलेल्या फळांचा असतो, तुमच्या कुंडीतल्या नव्हे. आणि कुणी पेपर एक्स या विक्रमी तिखट मिरचीचं बी देऊ केलं तर पैसे खिशातच ठेवा. २०२३ साली २६,९३,००० स्कोव्हिलचा विक्रम झाला, तेव्हाच ती तयार करणाऱ्या एड करी यांनी बी बाहेर देणार नाही असं सांगितलं होतं.

कुंडीतली पट्टी पेन्सिलीने लिहा. मार्कर पहिल्या पावसातच जातो.