रोज तासभरच मिळतो? मग ‘गिल्ड वॉर्स २’ असा खेळा

ऑनलाइन फँटसी गेम म्हटला की दोन धास्ती असतात. एक महिन्याच्या वर्गणीची आणि दुसरी मागे पडण्याची. अरेनानेटचा ‘गिल्ड वॉर्स २’ ऑगस्ट २०१२ मध्ये आला आणि त्याने या दोन्ही काढून टाकल्या. वर्गणी पहिल्यापासून नाही, २०१५ पासून मूळ गेमही फुकट आहे, आणि सर्वोच्च लेव्हल आजवर ८० वरून हललेली नाही. मागाहून आलेल्या ‘ॲसेंडेड’ दर्जाच्या गिअरचीही (शस्त्रं-चिलखतांची) ताकद त्याखालच्या ‘एक्झॉटिक’ दर्जापेक्षा थोडीच जास्त आहे. म्हणून सहा महिने गेम उघडला नाही तरी तुमचं एक्झॉटिक चिलखत बिनकामाचं ठरत नाही. नोकरी, अभ्यास, घर सांभाळून खेळणाऱ्याला ही सर्वांत मोठी सवलत आहे.

तोटा याच मोकळेपणात दडलेला आहे. पुढे काय करायचं हे गेम धडपणे सांगत नाही. नवखे लोक कंटाळून सोडतात ते बहुतेकदा याच कारणाने, त्यामुळे सुरुवात नीट आखलेली बरी.

अकाउंट काढताना दोन गोष्टी आधीच ठरवा. भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही, युरोप किंवा उत्तर अमेरिका निवडावी लागते. आपल्याला युरोप जवळ पडतो, तिथे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी राहतो. दुसरं म्हणजे स्टीम, गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथून सुरू केलेलं अकाउंट स्वतंत्र असतं, ते अरेनानेटच्या जुन्या अकाउंटला जोडता येत नाही. सगळी खरेदी स्टीमवरूनच करणार असाल तरच तिकडे जा. फुकट अकाउंटला दोनच पात्रं मिळतात आणि ट्रेडिंग पोस्टवर (खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात) मोजक्याच वस्तूंचा व्यवहार करता येतो. गेम आवडतो का हे पाहायला तेवढं भरपूर आहे.

पहिलं पात्र नेक्रोमॅन्सर या वर्गाचं घ्या. त्याचं आरोग्य जास्त, शिवाय श्राउड या त्याच्या खास रूपात गेलं की वरून दुसरा जीव मिळाल्यासारखं होतं. चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. एलिमेंटलिस्ट दिसायला फार सुंदर आहे, पण आरोग्य कमी, अंगावर हलकं चिलखत आणि चार तत्त्वांची स्किल्स सतत बदलायची. ते दुसऱ्या पात्रासाठी ठेवा. एक्सपान्शनसोबत (विकत घ्यायच्या पुढच्या भागासोबत) थेट लेव्हल ८० ला नेणारा बूस्ट मिळाला तर पहिल्या पात्रावर मुळीच वापरू नका. एकदम तीसेक बटणं समोर येतात आणि एकही का दाबायचं ते कळत नाही.

खेळण्याआधी सेटिंगमध्ये ‘डबल-टॅप टू इव्हेड’ बंद करा. नाहीतर कड्याच्या टोकाशी पाऊल सावरताना तीच की दोनदा दाबली जाते आणि पात्र लोळत खाली जातं. डॉजसाठी, म्हणजे लोळून वार चुकवण्यासाठी, वेगळी की ठेवा. डॉजचा हिशेब सोपा आहे: १०० एंड्युरन्स (दम), एका डॉजला ५०, आणि ते ५० भरायला साधारण १० सेकंद. जमिनीवर वार पडणार असल्याचं लाल वर्तुळ दिसलं की लगेच दोन्ही डॉज उधळू नका. एक नेहमी हातात राहू द्या.

लेव्हल वाढताना चिलखतापेक्षा शस्त्राकडे लक्ष द्या, कारण स्किलची इजा थेट शस्त्राच्या ताकदीवर मोजली जाते. दर आठ-दहा लेव्हलला ते बदला. बॅग भरली की मेनूतलं ‘डिपॉझिट ऑल मटेरिअल्स’ दाबा, कच्चा माल साठवणीत जातो. प्रत्येक वस्तूला तिथे मुळात २५० ची मर्यादा आहे. बॅगेतली जागा कायम कमी पडते आणि जेम स्टोअर या गेममधल्या दुकानात ती विकायला ठेवलेली असते. ही गेमची खरी टोचणारी बाजू. ट्रेडिंग पोस्टवर माल मांडताना ५ टक्के आणि विकल्यावर १० टक्के कापले जातात, म्हणजे १ गोल्डला घेतलेली वस्तू जवळपास १ गोल्ड १८ सिल्व्हरला गेली तरच बरोबरी होते. हे न मोजता खरेदी-विक्री करणारे गुपचूप कंगाल होतात.

तासभराचा कार्यक्रम ठरलेला हवा. रोजचं रीसेट (रोजची कामं नव्याने सुरू होणं) आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं, आणि सुरुवातीच्या प्रदेशांतले चार बॉस दर दोन तासांनी येतात. भारतीय वेळेनुसार रात्री ८:१५ ला मेट्रिका प्रॉव्हिन्समध्ये फायर एलिमेंटल, ८:४५ ला कॅलेडन फॉरेस्टमध्ये जंगल वर्म, ९:१५ ला क्वीन्सडेलमध्ये शॅडो बेहेमॉथ आणि ९:४५ ला वेफेअरर फूटहिल्समध्ये स्वानिर शमन चीफ. जेवणं आटोपल्यावर यातले दोन सहज होतात. फुकट अकाउंटच्या पात्राला मात्र लेव्हल १० पर्यंत आपला सुरुवातीचा प्रदेश सोडता येत नाही. पाच मिनिटं आधी पोहोचा. मधल्या वेळात विझार्ड्स व्हॉल्ट या कामांच्या यादीतली रोजची कामं उरका. तिथे फक्त पीव्हीई (गेममधल्या शत्रूंशी लढाई) निवडलं की पीव्हीपीची (खेळाडूंच्या आपसातल्या लढाईची) कामं माथी पडत नाहीत. मोठ्या लेव्हलचं पात्र लहान प्रदेशात आलं की त्याची ताकद आपोआप खाली येते, त्यामुळे जुना नकाशा वाया जात नाही. खाण किंवा झाड तोडलं तरी इतरांचा वाटा शाबूत राहतो, आणि पडलेल्या कुणालाही उचलता येतं. अनोळखी माणूस इथे अडचण वाटत नाही, आधार वाटतो. या गेममधलं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मोठ्या बॉसशी लढताना गर्दी हरते ती बहुधा डिफायन्स बारमुळे. आरोग्याच्या पट्टीखाली निळसर पट्टी उजळली की इजा करणारी स्किल्स थांबवा आणि शत्रूला रोखणारी स्टन, नॉकडाउन, फिअर अशी स्किल्स वापरा. नेक्रोमॅन्सरच्या डेथ श्राउडमधलं तिसरं स्किल, ‘डूम’, याचसाठी राखून ठेवा. पट्टी फुटली की बॉस काही क्षण हतबल होतो. ती फुटण्याआधीच तिची वेळ संपली तर त्याचा जबर तडाखा बसतो आणि निम्मी गर्दी आडवी होते.

कथेचा क्रम गोंधळाचा आहे, तो लिहूनच ठेवा: पर्सनल स्टोरी (मूळ गेमची कथा), लिव्हिंग वर्ल्ड (एक्सपान्शनच्या मधली कथा) सीझन १, सीझन २, हार्ट ऑफ थॉर्न्स, सीझन ३, पाथ ऑफ फायर, सीझन ४, आइसब्रूड सागा, मग एंड ऑफ ड्रॅगन्स. सीझन २ पासूनचे भाग वेगळे विकत घ्यावे लागतात. ते वगळून पुढच्या एक्सपान्शनमध्ये गेलात तर अर्धी माणसं अनोळखी वाटतील.

एलीट स्पेशलायझेशन (एक्सपान्शनमधून मिळणारं वर्गाचं प्रगत रूप) पूर्ण उघडायला २५० हीरो पॉइंट लागतात. जुन्या नकाशात एका हीरो आव्हानाला १ मिळतो, एक्सपान्शनच्या नकाशात १०. म्हणजे लेव्हल ८० झाल्यावर तिकडची २५ आव्हानं पुरतात. काही एकट्याने होत नाहीत, पण मॅप चॅटमध्ये विचारलं की कुणीतरी धावून येतं.

गर्दीच्या लढाईत स्क्रीन रंगांनी भरून जाते आणि साध्या कॉम्प्युटरवर गेम अडखळतो. ग्राफिक्समध्ये ‘कॅरेक्टर मॉडेल लिमिट’ सगळ्यात खाली न्या, स्किल्सची रोषणाई कमी करणारं ‘इफेक्ट एलओडी’ चालू करा, सावल्या आणि प्रतिबिंबं बंद करा. बॉसचा हात उचललेला दिसला तरच डॉज वेळेवर होईल.