गालांचा बेदाणा होऊ नये म्हणून

माझं माहेर तासगावचं, सासर निफाड तालुक्यातलं. म्हणजे जन्मभर द्राक्षांतच. माहेरी द्राक्षं वाळवतात आणि सासरी ती तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, एवढाच काय तो फरक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात निफाडचं नाव येतं, आणि आमच्या बागेत मणी तडकतात तसे माझ्या पार्लरमध्ये उललेले गाल यायला लागतात.

अठरा वर्षं पार्लर चालवते आहे. थंडीत खुर्चीत बसणारी प्रत्येक जण एकच सांगते, "ताई, चेहरा नुसता ओढल्यासारखा झालाय, काहीतरी चांगलं लावून द्या." काय लावायचं ते सांगतेच, पण आधी बेदाणा कसा करतात ते ऐका.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. मण्यावरून बोट फिरवलं की जे पांढुरकं पुसलं जातं, तेच ते. हा थर शाबूत असेल तोवर आतलं पाणी सहजी बाहेर पडत नाही. म्हणून शेडमध्ये माल पसरायच्या आधी घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवतात. लिटरला १५ मिली तेल आणि २५ ग्रॅम कार्बोनेट. त्या क्षाराच्या पाण्यानं मेणाचा थर मोडतो आणि पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. लहानपणी मी त्या टबात हौसेनं हात घालायचे, मग दोन दिवस बोटं खरखरीत.

चेहऱ्याचंही तसंच असतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधे चिकणमातीसारखे स्निग्ध पदार्थ, ते पाणी धरून ठेवतात. थंडीतली कोरडी हवा ते पाणी ओढायला टपलेलीच असते. त्यात आपण बंबातलं कढत पाणी घेतो आणि अंगाच्या साबणाची वडी गालांवर घासतो. त्वचा किंचित आंबट स्वभावाची, वडी उलट्या स्वभावाची, त्या टबातल्या पाण्यासारखी क्षाराची. बेदाण्याची कृती पुरी झाली की!

म्हणून पहिलं काम बाथरूममध्ये. तोंड धुवायचं पाणी कोमट हवं. बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून बघतो ना, तेवढंच. सकाळी नुसत्या पाण्यानं धुवा, रात्रभर चेहऱ्यावर काही धूळ बसत नाही. साबण नाहीतर फेसवॉश संध्याकाळी एकदाच, तोही कमी फेसाचा. धुतल्यावर चेहरा 'कुर्रकुर्र' स्वच्छ वाटला तर खूश होऊ नका, मेण गेलं म्हणून समजा. डाळीचं पीठ वापरणाऱ्यांनी थंडीत ते सायीत किंवा दुधात कालवावं आणि वाळून तडकायच्या आत धुवून टाकावं. मुलतानी माती मार्चपर्यंत डब्यातच राहू द्या. लिंबू तर बारा महिने लांब. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत.

दुसरं काम टॉवेल दोरीवर टाकायच्या आत करायचं. चेहरा टिपायचा, पुसायचा नाही. गाल ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, दोन-तीन मिनिटांच्या आत. कोरड्या ठणठणीत चेहऱ्यावर महागाची क्रीम थापण्यापेक्षा ओल्या चेहऱ्यावर साधी क्रीम बरी, हे मी माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगते. बाटलीच्या मागे ग्लिसरीन आणि सेरामाइड (विटांमधल्या त्या चिकणमातीतलाच एक स्निग्ध पदार्थ) ही नावं शोधा. वास जितका कमी तितकं चांगलं, कारण उललेल्या कातडीला सुगंधच आधी चरचरतो.

ग्लिसरीन घरोघरी असतं आणि घरोघरी चुकीचं लावलं जातं. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. हवेत ओल असली तर ठीक, पण आमच्या जानेवारीत हवेत ओल कुठली? मग नुसतं लावलेलं ग्लिसरीन तुमच्याच कातडीतलं पाणी वर ओढतं. म्हणून एक चमचा ग्लिसरीनला तीन चमचे गुलाबपाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, छोट्या बाटलीत हलवून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवून आठ दिवसांत संपवा. ओल्या चेहऱ्यावर हे लावायचं आणि त्यावर क्रीम. वर झाकण नसेल तर खालच्या पाण्याचा उपयोग नाही.

रात्रीचं झाकण म्हणजे व्हॅसलीन. ते स्वतः ओल देत नाही, असलेली अडवतं. मोहरीएवढं घेऊन तळहातावर घासायचं आणि गालांवर, नाकपुड्यांच्या कडेला, ओठांवर नुसतं दाबायचं. चोळलं की चेहरा तव्यासारखा चमकतो आणि उशीचा अभ्रा खराब होतो, ते वेगळंच. ज्यांना मुरमं येतात त्यांनी व्हॅसलीन ओठांपुरतं ठेवावं आणि चेहऱ्याला हलकं लोशन लावावं. खोबरेल तेलही त्यांनी केसांनाच लावावं. माझ्या सासूबाई हे ऐकून अजून नाक मुरडतात, पण त्यांना उभ्या जन्मात एक मुरूम आलं नाही, त्यांना काय कळणार!

थंडीत ऊन हवंहवंसं वाटतं, म्हणून बागेत विरळणीला किंवा घडांना कागद लावायला जाणाऱ्या बायका तोंड उघडं ठेवून काम करतात. ऊन कोवळं वाटलं तरी ते काळवंडवतं. एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, दोन बोटांवर दोन रेघा होतील एवढं, चेहऱ्याला आणि मानेला. वर सुती ओढणी. लोकरी स्कार्फ थेट गालाला घासू देऊ नका, आत सुती घ्या. आणि शेकोटीला हात शेका, तोंड नको.

आता माझी चूक. सहा-सात वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत एक नवरी आली, हळद दोन दिवसांवर. रोज पहाटे बागेत कामाला जाणारी पोरगी, गाल उलून बारीक बारीक भेगा पडलेल्या. ब्लीच करा म्हणाली आणि मी केलं. भेगांवर ब्लीच म्हणजे जखमेवर तिखट. चार मिनिटांत ती रडायला लागली, गाल टोमॅटोसारखे. गार पाण्यानं बराच वेळ धुतलं, व्हॅसलीन लावलं, डॉक्टरकडे पाठवलं. मग तिच्या मावशीला फोन केला की गालांना हळद लावू नका. मावशी म्हणाली, "अगं, मग हळद कसली?" हळद हातापायांना लागली. लग्नात लाली बरीच उतरली होती, पण त्या पोरीनं नंतर माझ्याकडे पाऊल ठेवलं नाही आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. तेव्हापासून गाल उललेले दिसले की ब्लीच नाही, स्क्रब नाही, वॅक्स नाही. नवरीला सांगते, एक महिना आधी ये आणि तोवर नुसतं ओल्यावर क्रीम लाव.

एका गोष्टीचा मला फार राग आहे. कुणीतरी 'गोरं करणारी' ट्यूब देतं, आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत होतो आणि सगळ्यांना वाटतं जादू झाली. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायचं नाही. कातडी पातळ होते, लालबुंद होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि थांबवलं की दुप्पट भडकते. आधीच लावत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. भेगांतून पाणी येत असेल, खाज झोपू देत नसेल किंवा दोन आठवडे हे सगळं करून फरक नसेल, तरीही पार्लरमध्ये नको, तिकडेच जा.

ओठ चाटू नका. थुंकी वाळताना ओठांची उरलीसुरली ओलही घेऊन जाते. माझा धाकटा शाळेत जाताना ओठांभोवती लाल मिशी करून यायचा, शेवटी त्याच्या खिशात व्हॅसलीनची छोटी डबी घातली. पहिल्या आठवड्यात त्यानं ती मित्राला लिंबूटिंबू क्रिकेटच्या पैजेत हरून दिली. आता दोन डब्या घालते.

होळीच्या आसपास हवा बदलली की आधी रात्रीचं व्हॅसलीन बंद करा, मग आठवडाभरानं क्रीम हलकी घ्या. सनस्क्रीन मात्र चालू राहू दे.