आवडत्या वेबमालिकेची सांगता कशी करावी

गावात हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाची पंगत उठल्याशिवाय सांगता झाली असे कोणी मानत नाही. मात्र ज्या यूट्यूब मालिकेची दोन-दोन वर्षे दर आठवड्याला वाट पाहिली, तिचा शेवटचा भाग आपण कापसाच्या वेचणीवरून थकून आल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या, अर्धवट झोपेत पाहून टाकतो. वऱ्हाडी बोलीतल्या एका मालिकेबाबत मी हेच केले आणि त्याची हुरहूर मला अख्खा हिवाळा पुरली. दुसऱ्या मालिकेच्या वेळी मी जे ठरवून केले, ते येथे सांगत आहे.

शेवटचा भाग आल्या आल्या पाहू नये. आठवडी बाजाराचा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी शेतातल्या कामाला सुट्टी असते आणि घरची माणसे संध्याकाळी घरीच सापडतात. जेथे रेंज मिळते तेथे जाऊन तो भाग आदल्या रात्रीच अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी डेटा संपला किंवा टॉवर बंद पडला तरी खोळंबा होत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोप्ले’ बंद करावे. ते चालू राहिले, तर शेवटचे दृश्य मनात उतरण्याच्या आतच भलताच व्हिडिओ सुरू होतो, आणि सांगता बिघडवणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

मालिका ज्यांच्यासोबत पाहिली, त्यांच्यासोबतच ती संपवावी. आम्ही ओसरीत पायलीला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भाग संपला, पडदा काळा झाला, तरी कोणी फोनला हात लावला नाही. थोड्या वेळाने ती एवढेच म्हणाली, “आता याइचं पुढं काय होते, थे आपल्यालेच ठरवा लागन.” मग तासभर आम्ही तेच ठरवत बसलो. हा तास राखून ठेवावा. जेवणाची घाई करू नये.

त्यानंतर वही घ्यावी. प्लेलिस्ट केली म्हणजे मालिका जपली गेली, असा अनेकांचा समज असतो. पण निर्मात्याने व्हिडिओ काढून टाकला किंवा खाजगी केला, तर प्लेलिस्टमध्ये त्याचे नावसुद्धा उरत नाही, आणि अ‍ॅपमध्ये उतरवलेली प्रतही कायमची आपली नसते. म्हणून प्रत्येक भागाचे नाव, तो आल्याची तारीख आणि त्यातले आपल्या घरात म्हणीसारखे रुळलेले एखादे वाक्य हाताने लिहून ठेवावे.

निर्मात्यांनाही निरोप द्यावा. “पुढचा सीझन कधी?” असे विचारणाऱ्या शेकडो प्रतिक्रिया त्यांना येतातच, त्याऐवजी कोणता भाग, त्यातला कोणता प्रसंग, आणि तो आपण कोणासोबत पाहिला, हे चार ओळींत लिहावे. वऱ्हाडीत लिहायला संकोच करू नये. ज्या बोलीत त्यांनी आपल्याला हसवले, त्याच बोलीतली दाद त्यांना अधिक लागते, असे मला मनापासून वाटते.

नवी मालिका लगेच सुरू करू नये. निदान एक आठवडा ती वेळ मोकळी ठेवावी. पहिला भाग पुन्हा पाहायचा असल्यास मात्र काही महिने जाऊ द्यावेत. आम्ही तो तान्ह्या पोळ्याच्या दुपारी लावला, तेव्हा सुरुवातीलाच विहिरीवर घागर भरताना क्षणभर दिसणारा पोरगा पाहून आत्याबाईने तो थांबवायला लावला. शेवटच्या भागात घर सावरणारा तो हाच, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आले होते.